चार जेट्यांची सुट्टी

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी ठाण्याचं एक जोडपं आमच्याकडे आलं आणि चहा येण्याआधीच नवऱ्याने लॅपटॉप उघडला. तो बँकेत, पन्नाशीच्या थोडा अलीकडे. ती कॉलेजात भूगोल शिकवते. येऊर, घोडबंदर, क्वचित वसई अशा रविवारच्या फेऱ्या मारून दोघांचे पाय बसले होते. आता सायकलवरून पहिली मोठी सुट्टी काढायची होती आणि पत्रकात ती तयारही होती : मुंबई ते गोवा, किनाऱ्याकिनाऱ्याने, पाच दिवस, रोज ११० किलोमीटर. पुढच्या रकान्यात वेग ताशी २०, म्हणजे रोजचे साडेपाच तास. त्यापुढे हॉटेलं. बेरीज बिनचूक होती.

बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यात खाड्या कुठे आहेत?"

"खाड्यांचं काय?"

"अरे, सावित्री आहे, वाशिष्ठी आहे, शास्त्री आहे. त्यापण वीसच्या स्पीडनेच ओलांडणार आहेस का?"

मी तिथेच ठरवलं की यांच्याबरोबर आपणही जायचं, निदान काही दिवस तरी. कारण पहिल्यांदा सायकलसुट्टी आखणाऱ्या बहुतेकांची गफलत तिने एका वाक्यात पकडली होती. रस्ता किती लांब आहे हे सगळे बघतात. तो कसा आहे, कुठे तुटतो आणि तिथे कोण आपल्याला पलीकडे नेणार, हे कोणी बघत नाही. कोकणात तर नकाशावरचं अंतर हा सगळ्यात निरुपयोगी आकडा आहे.

सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर. एवढ्याशा अंतरात नद्या हजारभर मीटर खाली येतात आणि मुखाशी रुंद होऊन आत खोलवर खाऱ्या होतात. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचा सडा, शंभर-दीडशे मीटर उंच, वर जवळजवळ सपाट, कडेला एकदम तुटलेला. त्यामुळे 'सागरी महामार्ग' असं नाव असलं तरी रस्ता समुद्राला लागून असा थोडाच वेळ चालतो. खाडीवरून सड्यावर चढायचं, सडा ओलांडायचा, पुन्हा खाडीवर उतरायचं, बोटीची वाट बघायची, पलीकडे उतरून पुन्हा चढायचं. साठ किलोमीटरच्या दिवसात नऊशे-हजार मीटर चढ सहज भरतो. त्यातले काही चढ इतके उभे, की भरलेली सायकल हातात धरून चालावं लागतं. चालण्यात काही कमीपणा नाही, पण पत्रकात त्याला वेळ द्यावा लागतो. बायकोने तिथल्या तिथे वेगाचा रकाना वीसवरून बारावर आणला आणि पाच दिवसांचा गोवा आपोआप आठ-नऊ दिवसांवर गेला.

मुळात ११० हा आकडा आला कुठून, हेही विचारण्यासारखं आहे. आपल्याकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत सायकल परत आली ती मुख्यतः विक्रमांच्या पाठीवर बसून. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या उपक्रमांनी गावोगावच्या लोकांना २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर चाळीस तासांत करायची सवय लावली. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने नऊ दिवसांच्या आत पूर्ण करून आले. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ तीच शर्यत एकट्याने पुरी करून आले. हे मोठंच काम आहे. पण त्यामुळे झालं असं, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर शंभराच्या खालचं अंतर सांगायची लोकांना लाज वाटू लागली. शर्यतीतल्या माणसाला मागे गाडी असते, डॉक्टर असतो, खायला देणारा माणूस असतो. सुट्टीतल्या माणसाला दुपारी जेवायचं असतं, देवळात टेकायचं असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा त्याच खोगिरावर बसायचं असतं.

विक्रमांच्याही आधीची एक परंपरा आपल्याकडे आहे आणि ती मला जास्त जवळची वाटते. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. साडेचार वर्षं! त्यांना कोणी रोजची सरासरी विचारली असेल असं वाटत नाही. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये तिथून भारतापर्यंत सायकलने आली. निघण्यापूर्वी तिने सायकलचा गिअर काढूनच टाकला, कारण वाटेत तो बिघडला तर दुरुस्त करणारं कोणी भेटणार नव्हतं, आणि जादा टायर पुढच्या शहरांतल्या ब्रिटिश वकिलातींकडे आधीच धाडून दिले. मला हे नियोजनाचं उत्तम उदाहरण वाटतं. कुठे काय मिळणार नाही, याचा विचार तिने आधी केला. (गिअर काढण्याचा सल्ला मात्र कोकणासाठी कोणी मनावर घेऊ नये.)

तर गोवा रद्द झाला. बायकोचं म्हणणं होतं, मांडवा ते रत्नागिरी करू, वाटेत एक दिवस सायकलला हातच लावायचा नाही. नवऱ्याला रत्नागिरी हे अर्धवट सोडल्यासारखं वाटत होतं. पण नकाशावर बघितलं तर हा तुकडा आपल्याआपण पूर्ण आहे. मुंबईहून पाण्यावरूनच निघायचं, आणि मग वाटेत आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार खाड्या बोटीने ओलांडायच्या. या बोटींना कोकणात 'जंगल जेटी' म्हणतात. मोटारी, टेंपो, दुचाक्या, माणसं, कोंबड्यांच्या पाट्या असं सगळं एका सपाट डेकवर चढतं आणि दहा-वीस मिनिटांत पलीकडे उतरतं. शेवटी रत्नागिरीला कोकण रेल्वे आहे, म्हणजे परतीची सोय. पहिल्या सुट्टीला हेच हवं. शेवटचं गाव रेल्वेवरचं असावं, आणि वाटेत कुठे पाय किंवा सायकल बिघडलीच तर तासा-दोन तासांत मोठ्या गावाला पोहोचता यावं. मंडणगड, दापोली, चिपळूण ही गावं या वाटेपासून फार लांब नाहीत.

उत्तरेकडून दक्षिणेला जायचं, हेही तिचंच. शाळेच्या पुस्तकातले खारे आणि मतलई वारे इथे पायांना कळतात. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा असतो, त्याचा त्रास नाही. दुपारी समुद्रावरून जो येतो तो हिवाळ्यात बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या पाठीला लागतो, उत्तरेकडे येणाऱ्याच्या छातीवर बसतो. गोव्याहून मुंबईकडे सायकल मारत आलेल्यांना विचारा. चढापेक्षा त्यांना उघड्या सड्यावरचा दुपारचा वारा आठवतो.

मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्ग सरळ, म्हणून लोक तो निवडतात. माझ्या मते सुट्टीसाठी तो नकोच. अवजड वाहनं, चौपदरीकरणाची धूळ, आणि दिवसभर समुद्र म्हणून काही दिसत नाही. किनाऱ्याचा रेवस–रेड्डी रस्ता ही बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची कल्पना. रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला, खाड्या मात्र राहिल्या. आता त्या खाड्यांवर मोठे पूल उभारायचं काम राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. गावांना पूल हवेच आहेत. बाळंतीण किंवा आजारी माणूस घेऊन रात्री जेटीवर ताटकळणाऱ्याला विचारलं तर दुसरं उत्तर मिळणार नाही. पण पूल आले की ट्रक येतील, गाड्यांचा वेग वाढेल, आणि सायकलवाल्याला खाडीकाठी थांबायचं कारण उरणार नाही. जायचं असेल तर फार वर्षं थांबू नये एवढंच.

आता पत्रक नव्याने मांडलं, ते खाड्यांवरून. प्रत्येक दिवसाची मधली खूण म्हणजे एक जेटी. तिची पहिली आणि शेवटची फेरी कधी, मधे किती अंतराने बोट सुटते, ओहोटीला ती अडते का, हे फोन करून विचारायचं. इंटरनेटवरच्या वेळा जुन्या असतात, आणि उधाणाच्या दिवसांत ठरलेल्या वेळेला अर्थ राहत नाही. भाऊच्या धक्क्याहून रेवसला जाणाऱ्या लाँचचं वेळापत्रक तर कित्येकदा भरती-ओहोटीच ठरवते. रेवसच्या बाजूला गाळ इतका, की पाणी उतरलं की लाँच लागत नाही. आम्ही भाऊच्या धक्क्याहूनच, पण मांडव्याला जाणारी रोरो बोट घेतली. २०२० पासून ती सुरू आहे, मोटारींबरोबर सायकलही घेते आणि तासाभरात पलीकडे सोडते. जेटीवर सायकलवाल्याची एक गंमत असते. शनिवारी सकाळी दिघीकडे जायला मोटारींची रांग फाट्यापर्यंत गेलेली असते, दोन-दोन बोटी सुटेपर्यंत लोक गाडीत एसी लावून बसलेले असतात, आणि आपण रांगेच्या कडेने पुढे जाऊन तिकीट काढून पहिल्या बोटीत चढतो. नवऱ्याचा गोव्याचा सल इथे पहिल्यांदा थोडा कमी झालेला मी पाहिला.

मांडव्याहून निघून अलिबाग, चौल, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, कोर्लई, काशीद करत मुरूड-जंजिरा हा पहिला दिवस. सुमारे सत्तर किलोमीटर. थोडा जास्तच, पण रेवदंड्यापर्यंत सपाट असल्याने निभतो. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून दिघी, मग दिवेआगर, आणि तिथून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता. समुद्राला खरोखर लागून जाणारे जे थोडे तुकडे आहेत त्यातला हा सर्वात देखणा. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर. तिथल्या प्रदक्षिणेची वाट भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून भाविकही आधी भरतीची वेळ विचारून घेतात. भरतीची वेळ सांगायला कोकणात यंत्र लागत नाही. कोणाही मासेवाल्या मावशींना विचारावं.

बागमांडल्याला सावित्री ओलांडली की रायगड संपतो, रत्नागिरी जिल्हा लागतो, आणि खरं कोकण सुरू होतं, म्हणजे चढ. वेश्वीहून केळशी, केळशीहून उटंबर, आडे, पाडले करत आंजर्ले. अंतर बघितलं तर हसू येईल इतकं कमी. पण हा तुकडा घाईने करायचा नसतो. केळशीत महालक्ष्मीचं देऊळ आहे, याकूबबाबांचा दर्गा आहे, वाळूची टेकडी आहे, आणि दुपारचं जेवण असं, की त्यानंतर उटंबरचा चढ चढायचा विचार करणं हा अन्नाचा अपमान. म्हणून सायकलला हात न लावण्याचा दिवस आम्ही केळशीत ठेवला होता. नवऱ्याला आधी तो रत्नागिरीत, सगळ्यात शेवटी हवा होता. पण विश्रांती शेवटी ठेवून काय करायचं? शेवटी रेल्वेच आहे. ती मधे, आणि अवघड तुकड्याच्या अलीकडे हवी.

दाभोळला मी त्यांचा निरोप घेऊन एस.टी.ने परतणार होतो. जेटीवर उभं असताना भूगोलाच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती मला आधी माहीत नव्हती. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी भारतात आला तो चौलला उतरला आणि परत गेला तो दाभोळहून. म्हणजे आम्ही सायकलवर जे काही दिवसांत केलं, त्याच्या दोन्ही टोकांवर त्याचं पाऊल पडलं होतं. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. आम्ही त्याच्या अंगावरून गेलो होतो आणि बाई तिथे बोलल्या नाहीत, कारण त्या वेळी नवऱ्याला सरासरी मोडायची नव्हती. दाभोळला ही जेटी नसेल, तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणला वळसा घालावा लागतो. शंभराच्या आसपास किलोमीटर. तिथे उभं राहून पाण्याकडे बघितलं की 'यात खाड्या कुठे आहेत?' हा प्रश्न पटतो. मी एस.टी. सोडून त्यांच्याबरोबर बोटीत चढलो.

पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, आणि जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे. इथले चढ त्या जोडप्याला पाठ झाले आहेत, मला फक्त जयगडपाशी बंदराकडे जाणाऱ्या अवजड गाड्या आठवतात. तेवढा भाग सकाळी लवकर पार करावा.

ऋतूबद्दल दोन शब्द पुरेत. पावसाळा संपल्या संपल्या पावसाने खाल्लेल्या रस्त्यांची डागडुजी नुकती सुरू झालेली असते आणि हवेत ओलसर उकाडा असतो. डिसेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा काळ सगळ्यात चांगला, त्यातून नाताळ ते ३१ डिसेंबरचा आठवडा वगळून. त्या आठवड्यात किनाऱ्याला खोली मिळत नाही आणि रस्त्यावर मोटारी अशा धावतात, जणू समुद्र संपत आला आहे. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो, सहानंतर मावळतो. म्हणजे हातात अकरा तासांचा उजेड. त्यातले दुपारी बारा ते तीन सड्यावर सावली नसते. फटफटताना निघायचं, साडेअकरापर्यंत दिवसाचा मोठा वाटा उरकायचा, जेवून लोळायचं, आणि उन्हं कलल्यावर उरलेले दहा-पंधरा किलोमीटर. काळोखात सायकल चालवायची वेळ आली तर आपलं पत्रक चुकलं असं समजावं.

सायकलबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण लोक सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात कमी विचार इथे घालतात. नवरा नवी सायकल घ्यायला निघाला होता. गरज नव्हती. त्याची साधी हायब्रिड सायकल पुरे होती. पुढे सगळ्यात लहान चक्र अठ्ठावीस दात्यांचं, मागे सगळ्यात मोठं चौतीसचं. म्हणजे चढाला पाय फिरत राहतील असा हलका गिअर. शर्यतीच्या बारीक टायरच्या सायकलीला असा गिअर क्वचित असतो, आणि कॅरिअर बसवायला भोकंही नसतात. टायर पस्तीस मिलिमीटरचे असले तर खडीवर धीर राहतो. खोगीर किती मऊ आहे याला महत्त्व नाही, उंची बरोबर हवी : पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला. पॅड असलेली शॉर्ट घ्यावी, आणि तिच्या आत काही घालू नये. ही सूचना दुकानदार संकोचाने देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माणूस भोगतो.

सामान पाठीवर नको. पाठीवरच्या पिशवीने खांदे धरतात आणि घाम वाळत नाही. मागे कॅरिअरवर दोन बाजूंना दोन पॅनियर, वजन सारखं, सगळं मिळून आठ किलोच्या आत. ते न जमलं तर काय काढायचं? आधी दुसरी जीन्स, मग तिसरा शर्ट, मग जाडजूड चार्जरांचा गठ्ठा. रात्री धुऊन सकाळी वाळणारे दोन जोड पुरतात. हवा मात्र दमट असते, कपडे पंख्याखाली टाकावे. हत्यारांत काटकसर करू नये : दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, ॲलन पान्यांचा संच, साखळीचा जोड, ब्रेकचे रबर, तेलाची छोटी बाटली. कोकणातल्या बाजारपेठेतलं सायकलचं दुकान जुन्या काळ्या सायकलीचं काम डोळे मिटून करतं, पण आपल्या ७०० मापाची ट्यूब तिथे मिळेलच असं नाही. आणि बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरची हवाही बसत नाही, त्याला पितळी ॲडाप्टर लागतो. दहा-वीस रुपयांचा तुकडा, पण नसला तर सगळं अडतं. मर्फीबाईंची ती जुनी रीत इथे लागू पडते : कुठे काय मिळणार नाही?

खारी हवा साखळीचा घात करते. रोज संध्याकाळी फडक्याने साखळी पुसून तेलाचे थेंब. ओहोटीच्या वेळी मुरूड, केळशी, कर्दे इथल्या घट्ट ओल्या वाळूवर सायकल पळवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि व्हावाही. त्यानंतर लगेच गोड्या पाण्याची बादली.

सराव किती करावा, हा प्रश्न नवऱ्याने मला दहा वेळा विचारला. लांब पल्ल्याच्या एका दिवसाने काही कळत नाही. सलग दोन दिवस, भरलेल्या पॅनियरसकट, पन्नास-पन्नास किलोमीटर करून बघावे. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते, सायकलवर बसतानाच्या पहिल्या मिनिटात. यांनी नोव्हेंबरात गोराईची बोट पकडून उत्तन, वसई, अर्नाळा असं केलं, तिथेच राहून परत आले. त्या दोन दिवसांनी पॅनियरमधलं दोन किलो सामान आणि गोव्याविषयीचं उरलेलं बोलणं कमी झालं.

पत्रकात एक रकाना पूर्णपणे बायकोचा होता, आणि तो मला कुठल्याच सायकल मार्गदर्शिकेत दिसलेला नाही : स्वच्छतागृहं. पेट्रोल पंप, एस.टी. स्टँड, जेटीवरच्या सोयी, ओळखीची खानावळ यांची तिने रोजच्या वाटेवर खूण केली होती. पुरुष पाणी पितात आणि निघतात. बायका पाणी कमी पितात, कारण पुढची जागा माहीत नसते, आणि मग दुपारी डोकं चढतं. तिने ओळखीच्या चार मैत्रिणींना फोन करून ही यादी केली. "भूगोलात हे शिकवत नाहीत," ती म्हणाली.

कोकणात जेवणाची गोष्ट वेगळी आखावी लागते. आयत्या वेळी ताट मिळेलच असं नाही, घरगुती खानावळीत सकाळी फोन करून सांगावं लागतं. केळशी, आंजर्ले, गुहागर इथे किती माणसं, शाकाहारी की मासे, मोदक हवेत का, हे आदल्या रात्री विचारतात. वेळ सांगितली की ती पाळावी. केळशीच्या काकूंना आम्ही साडेबारा सांगितलं आणि पोहोचलो दीडला. त्या रागावल्या नाहीत, पण भात पुन्हा लावावा लागला हे त्यांनी प्रत्येक वाढपाला ऐकवलं. मग सायकलींकडे बघून म्हणाल्या, "ठाण्याहून? गाडी विकलीत की काय?"

वाटेतलं खाणं सोपं आहे. भूक लागण्याआधी खायचं, तासाला काहीतरी : केळं, चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर. पाय गळाल्यावर खाल्लं तर अर्धा तास काही उपयोग होत नाही. दुकानातली रंगीत पेयं कशाला हवीत? आगळात मीठ आणि साखर घालून केलेलं कोकमाचं सरबत घामात गेलेलं मीठ भरून काढतं, आणि प्रत्येक टपरीवर मिळतं. मासळीचं ताट मात्र संध्याकाळच्या मुक्कामावर ठेवावं.

रस्ता शोधायला मोबाइल आहेच, पण तो कधी बैलगाडीच्या वाटेवर नेतो, कधी बोट चालू नसताना खाडीत. गावकऱ्यांना विचारलं तर "हे काय, इथंच" असं उत्तर येतं, त्यात दोन चढ लपलेले असतात. माझा भरवसा एस.टी.वर. समोरून एस.टी. आली, तर रस्ता आहे आणि पलीकडे गाव आहे. चालकाला हात करून विचारलं तर तो चढ किती आहे हेही खरं सांगतो, कारण गिअर त्यालाही बदलावा लागतो. कुत्री मागे लागली तर पळू नये. उतरावं, सायकल मधे धरावी, चालत जावं. ती कंटाळतात.

आता परतीचं, ज्याचा विचार लोक शेवटच्या संध्याकाळी करतात. रत्नागिरी स्टेशनवर पार्सल कार्यालयात आपल्या तिकिटावर सायकल सामान म्हणून नोंदवता येते. ती गार्डाच्या डब्याशेजारच्या सामानाच्या डब्यात जाते. गाडीच्या निदान दीड-दोन तास आधी पोहोचावं. पॅनियर, दिवे, मीटर, बाटली असं सुटं सगळं काढून घ्यावं, मागच्या डिरेलरवर पुठ्ठा बांधावा, आणि हँडलला पक्की चिठ्ठी लावावी : नाव, फोन, कुठून कुठे. गाडी थोडाच वेळ थांबणार असेल किंवा डबा भरलेला असेल तर सायकल मागच्या गाडीने येऊ शकते, हे मनात धरूनच निघावं. ज्या छोट्या स्टेशनांवर गाडी दोन मिनिटं थांबते तिथून हा उद्योग करू नये. दुसरा मार्ग रात्रीच्या खासगी बसचा. पुढचं चाक काढून सायकल डिकीत आडवी, आणि क्लीनरशी भाडं आधी ठरवून. त्या जोडप्याने रेल्वे घेतली. दोन्ही सायकली त्याच गाडीत चढल्या, ठाण्याला गाडी जेमतेम थांबली, त्यामुळे त्या पुढे दादरला जाऊन उतरल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने रजेचा आणखी एक अर्धा दिवस टाकला. पावती त्याने नीट ठेवली होती, म्हणून फार बोलावं लागलं नाही. आता पुढच्या पत्रकात रत्नागिरी ते वेंगुर्ला आहे, आणि परतीचं स्टेशन कुडाळ की सावंतवाडी यावर दोघांचं अजून जमलेलं नाही.